दिपिकाला अक्कल शिकवण्याबाबत

विचुंबे

ती. महादेवदादा,

पाया पडले असं समज. (डावा गुडघा वाकत नाही, म्हणून कागदावरूनच.) वहिनींचं बीपी आणि तुझा राग, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करते. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहिते.

"आत्याकडे राहा, खेळून काय मिळतं ते ती सांगेल," असं म्हणून तू दिपिकाला माझ्याकडे पाठवलंस. अगदी बरोबर केलंस! पोरीच्या डोक्यातून कबड्डी शिबिराचं खूळ काढायला माझ्याइतकं जिवंत उदाहरण अख्ख्या पनवेल तालुक्यात मिळायचं नाही. मी तिला सगळं सांगितलं. भारताकडून आधी कबड्डी खेळले, मग रग्बी. लोकांना वाटतं, दोन खेळ म्हणजे दुप्पट मान. मान कसला, डोंबल! खेळाडूंच्या कोट्यातल्या नोकरीसाठी कबड्डीवाल्यांकडे शिफारस मागायला गेले, तर म्हणाले, तुम्ही आता रग्बीच्या. रग्बीवाल्यांनी चहा पाजला (बिनसाखरेचा, फिटनेस म्हणे!) आणि सांगितलं, तुम्ही मूळच्या कबड्डीच्या. या हेलपाट्यांत वयाची अट उलटून गेली. आता एका शाळेत तासांवर पीटी शिकवते आणि गॅदरिंगला पोरांच्या मिशा रंगवते.

परवा गावच्या क्रिकेट स्पर्धेला मला पाहुणी म्हणून बोलावलं. जाऊन बघते तर बॅनरवर माझा फोटो, आणि हातात चिकटवलेली बॅट! मंडळाचे अध्यक्ष बुधाजीकाका, त्यांना विचारलं, तर म्हणतात, "अगो, त्या रग्बीचा फोटो लावला तर लोकांना वाटंल मारामारी चालू हाय. आपल्या पब्लिकला दुसरा काय समजत नाय." मग उद्घाटनाचा पहिला चेंडू मला खेळायला लावला. पाहुण्यांना हळू चेंडू टाकायचा असतो, एवढी रीत तरी पाळावी ना! त्या मेल्या बोलरने दांडी उडवली. वर माइकवरून घोषणा, "आंतरराष्ट्रीय खेळाडू भामाताई शून्यावर बाद!" सगळे हसले, मीही हसले आणि घरी येऊन रडले. देशाची जर्सी घातली रे मी, दादा, आणि मी काय खेळले ते माझ्याच गावाला ठाऊक नाही.

तेव्हा तुझंच खरं. पोरीला शिकू दे, बँकेत चिकटू दे. मैदानात काही ठेवलेलं नाही.

तुझी,
भामा

ता.क. हे सगळं ऐकून दिपिकाने विचारलं, "आत्या, पकड कशी करायची ते दाखवशील?" दाखवली. आज सकाळी तिने मला आडवं पाडलं, दादा! मला! पदक मिळालं तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता.

आणखी एक. शिबिराच्या कागदावर वडिलांची सही लागते. कागद सोबत जोडलाय, लगेच सही करून पाठव. नाही म्हणालास तरी माझं अडणार नाही. माझ्या पहिल्या शिबिराला बाबा नाही म्हणाले, तेव्हा त्यांची सही तूच ठोकली होतीस. तुझी तर त्याहून सोपी आहे.