पांढऱ्या थेंबाचं अंडं

३ मे, सोमवार

गाढवपणा झाला! डोंगर मंडळाची वार्षिक चाल तेवीस तारखेला. नेहमीप्रमाणे सकाळीच रंगाचा डबा घेऊन वाटेवरचे बाण ठळक करायला गेले. सोळा बाण झाले. वरच्या सपाटीवर सतरावा. वाकले, ब्रश टेकवणार — तो दगड नव्हताच. टिटवीची अंडी! चार, टोकं आत करून मांडलेली. हात थांबला, पण रंग थांबला नाही. एका अंड्यावर टपोरा थेंब.

टिटवीने डोक्यावर येऊन जो उद्धार केला, तो रास्तच होता.

आधी बघा, मग पेन टेकवा — तीस वर्षं गणिताच्या तासाला हेच सांगत आले.

४ मे

थेंब पुसला नाही. फुटलं असतं तर? ह्यांना सांगितलं. म्हणाले, शाळेतली पोरं घाबरायची ते कमी होतं का? हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही.

७ मे, शुक्रवार

लांब कातळाआडून दुर्बिणीने तासभर पाहिलं. नर-मादी आळीपाळीने बसतात. थेंबाचं अंडं बाहेर ढकललेलं नाही. एक मुंगूस फिरकलं, तर मादी पंख मोडल्याचं सोंग करत त्याला पार उतारापर्यंत घेऊन गेली. काय नटी आहे!

पण तेवीसला अडतीस माणसं तिथून जाणार. पाऊण तास पक्षी अंड्यांवर बसायचे नाहीत, आणि त्या उन्हात अंडी शिजतील. दुसरी वाट एकच — भाऊजींची, खिंडीतून वळसा घालणारी. दोन वर्षं ते तीच सुचवताहेत, आणि दोन्ही वेळा मीच हाणून पाडली. "डोंगर चढायचाय, बागेत फेऱ्या मारायच्या नाहीत," असं भर बैठकीत म्हटलं होतं.

८ मे

फोन करणार होते. केला नाही.

१० मे

केला. धाकटा दीर आहे, टोमणे मारायचा हक्क आहे. मी टोमण्याची वाट बघत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "वहिनी, रंग किती उरलाय?"

१२ मे, बुधवार

भाऊजींबरोबर खिंडीची वाट रंगवली. सावली आहे, चढ अंगावर येत नाही. झऱ्यापाशी भेकर उभं होतं, पाण्यात तोंड घालून. आम्ही दोघं श्वास रोखून. त्याने मान वर केली, आमच्याकडे पाहिलं, पुन्हा पाणी प्यायलं. आम्हाला किंमतच दिली नाही!

भाऊजी चार वेळा बसले. एकदा पक्षी दिसला म्हणून, एकदा देखावा छान म्हणून, दोनदा बुटाची नाडी सुटली म्हणून. दुसऱ्या नाडीला मी बूट नीट पाहिले. नाडी नव्हतीच. चिकटपट्टीचे बूट.

खुब्याचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून ते चालीला येत नाहीत — कंटाळा आला म्हणतात. आणि ही वाट सुचवायला लागले तेही तेव्हापासूनच. गणिताची बाई मी! उत्तर समोर असून दिसलं नाही.

पाचव्यांदा मीच बसले. पाय दुखतोय म्हटलं.

१६ मे

अंडी चारही जागेवर. भाऊजींनी नवे मोजे घेतल्याचं जाऊबाईंकडून कळलं.

२० मे, गुरुवार

घरटं रिकामं! मुंगूस, कावळे, माझा रंग — सगळं डोक्यात येऊन गेलं. मग वीसेक पावलांवर कवच सापडलं, रुंद बाजूने गोल उघडलेलं. त्यावर माझा पांढरा थेंब! तेवढ्यात टिटवी ओरडली आणि गवतातून काटक्यांवर ठेवलेले कापसाचे गोळे पळाले. मोजले. चार. पुन्हा मोजले. चारच!

आता चाल सपाटीवरून गेली तरी त्यांचं काही अडत नाही. पिल्लं लांब निघून गेली. ह्यांनी लगेच ओळखलं. म्हणाले, म्हणजे तुझी वाट मोकळी झाली. भाऊजींना कळवतेस ना?

जेवायला वाढलं.

२३ मे, रविवार

शिट्टी भाऊजींकडे दिली. सगळ्यात पुढे ते, त्यांच्या वेगाने अडतीस माणसं. खिंडीत कोणीतरी विचारलं, बाई, पिल्लं निघाली का हो? खिशातलं कवच मुठीत धरलं आणि म्हटलं, "अजून नाही."