रामकिसनची तोंडी परीक्षा

ता. २० जून १९३४, खरगपूर
म्हणे कायदा सगळ्यांले एकच! फय्याजचं सकाळपासून तेच — "अरे, समद्यांचीच तोंडी परीक्षा हाये ना? मंग तुह्याच भावावर जुलूम कायचा?" रिसोडचा माणूस, माझ्या खोलीत राहतो, माझ्या हातची भाकर खातो, आणि बाजू घेतो नागपूरच्या त्या कॉलेजाची. मी म्हटलं, सगळ्यांले पळवलं अन् एकाचा पाय लंगडा असला, तर? तो म्हणे, "मंग लंगड्यानं पळू नये." बोलणं बंद केलं त्याच्याशी.

माझ्या भावाचं, रामकिसनचं, कार्ड आल्यापासून ते खिशात घेऊन फिरतो. इतकी सालं कॉलेजात मॅट्रिकचे मार्क पाहून घेत होते. म्हणून तर माझा भाऊ मान मोडून शिकला. वाशीमच्या हायस्कुलात दुसरा! आणि निकाल लागल्यावर ह्यांनी ठरवलं — तीन साहेबांपुढं उभं राहून इंग्रजीत बोलूनही दाखवा. २ जुलैले. लिहून मागा ना! लिहिण्यात तो कोणालेही हरवील. बोलताना त्याची जीभ अडते. मराठीत अडते, तर इंग्रजीत काय होईल?

ता. २१
रेल्वेच्या कारखान्यात भट्टीवर घण चुकला. मिस्त्री ओरडला, "ध्यान किधर है रे?" नागपुरात आहे, दुसरं कुठं!

ता. २३
एवढं मोठं पत्र लिहिलं. फाडलं. मी चौथीतून निघालेला, त्याले काय सांगू? लहानपणी सोपं होतं. गावाकडं जऊळक्याच्या बाजारात कोणी काही विचारलं की मीच बोलायचो. तो माझ्या मागं उभा. आता मी इथं! सुट्टी मागितली. नाही म्हणाले.

ता. २४
शेवटी कार्ड टाकलं — "घाई करू नको. साहेब हसले तर हसू दे." टाकल्यावर सुचलं. हसतील हे त्याच्या डोक्यात नसलं तर? मीच घातलं!

ता. २७
फय्याज आपणहून जवळ येऊन बसला. "महा मामूबी बोलताना अटकायचा. पन गाली देताना कधीच नाही! तुह्या भावाले सांग, साहेबाले मनातल्या मनात चार गाल्या दे, मंग बोल." किती दिवसांनी हसलो. लगेच पुन्हा भ्यालो — एखादी तोंडातून निघाली तर?

ता. २ जुलै
आज. दुपारची भाकर तशीच परत आणली.

ता. ७
पत्र आलं. पहिलाच सवाल — नाव काय? तिथंच अडकला. एक साहेब घड्याळ पाहत होता, एक खिडकीबाहेर. "हसलं कोनी नाही, दादा. हसले असते तं बरं झालं असतं." मग म्हणाले, पुढचा. त्याच्याहून कितीतरी कमी मार्कांचा पोरगा घेतला, तो घडाघडा बोलला म्हणून. आणि पुढच्या साली तोंडी ठेवायची की नाही, ते अजून ठरायचं आहे म्हणे! ठरायचं आहे! म्हणजे माझ्या भावावर ह्यांनी नुसतं करून पाहिलं?

फय्याजले वाचून दाखवलं. भाकरी आज त्यानंच भाजल्या.

ता. १४
गावाहून मायचा निरोप, उकंडरावमामाच्या अक्षरात. पोरगा कोणाशी बोलत नाही, पुस्तकं बांधून टाकली, दिवसभर विहिरीवर बसून राहतो. आता भीती निराळीच आहे. तिचं नाव इथंही लिहवत नाही. पोस्टात धावलो, मामाले तार केली — त्याले एकटं सोडू नका.

ता. १९
काही खबर नाही. पोस्टमन दिसला की फाटकापर्यंत जातो. नाही दिसला, तरी.

ता. २२ ऑगस्ट
माझ्या नावानं चार रुपयांची मनीऑर्डर! जन्मात पहिली. पाठवणारा — रामकिसन. वाशीमले एका अडत्याकडं हिशेबाच्या वह्या लिहायले लागला आहे. खाली चार ओळी: "दादा, इथं बोलावं लागत नाही. तुले कायले भट्टीत जाळून घ्याचं आता? घरी ये. मी पाठवत जाईन."

पोरगा जिता आहे. रडलो, भट्टीपुढं, सगळ्यांदेखत.

ता. २३
त्याचे चार, त्यात माझे सात घालून त्यालेच परत मनीऑर्डर केली. कुपनावर एवढंच — "मी येत नाही. पुस्तकांची गाठ सोड." अकरा रुपये.