रणगाड्यांचा पूल

ताई, तुझ्या भांडखोर धाकट्या भावाचा तुला नमस्कार.

मी खुशाल आहे. उजव्या हाताला जरा खरचटलंय म्हणून अक्षर वाकडं आलंय, पण आईला घाईत लिहिलंय असं सांग. बाबांचा गुडघा कसा आहे?

फौजेच्या खर्चात किती शाळा उभ्या राहतील, हे तू सुट्टीभर मला ऐकवलंस. तर ऐक. पंधरा दिवसांपूर्वी इथला जुना पूल पुरात वाहून गेला आणि पलीकडे एक बाई बाळंतपणात अडली होती. आमच्याकडे रणगाडे नदीपार न्यायचा घडीचा पूल होता.

साहेब म्हणाले, "हा लढाईसाठी आहे. वाहून गेला तर जबाब कोण देणार?"

"मी देईन, साहेब."

ते पलीकडच्या काठाकडे बघत म्हणाले, "टाका."

छातीएवढ्या पाण्यात उभं राहून आम्ही तो टाकला. त्यावरून पहिली गेली ती ॲम्ब्युलन्स. बाई सुखरूप आहे, मुलगी झाली. बातमी कळल्यावर आमची अख्खी तुकडी चिखलात नाचली.

पण तुझंही खरं आहे. गावाने पक्का पूल वर्षानुवर्षं मागितला, दरवेळी पैसे नाहीत असंच उत्तर मिळालं. हे मी साहेबांच्या कानावर घातलं, त्यांनी वर कळवलं. आज हुकूम आला. पक्का पूल मंजूर झालाय आणि तो होईपर्यंत आमचा इथेच राहील.

बाळाची आजी पुलावर भेटली. म्हणाली, "सरकारचे उपकार झाले, बाबा."

मी म्हणालो, "उपकार कसले, आजी? पूल तुमच्याच पैशांचा आहे."

तुझाच,
धाकटा