मागच्या गोदामाचं दार

केबिली,
ऑक्टोबरचा दुसरा गुरुवार

सलवाताई, सलाम. आत्याला आणि तुझ्या बाबांनाही सांग. लिहिण्यात चुका असतील, हसू नकोस. शाळा सातवीत सुटली ते तुला ठाऊकच. फोन भावाचा आहे, एकेक अक्षर शोधून दाबतेय, कालपासून हेच चाललंय. फोन करूनही सांगता आलं असतं, पण फोनवर मला बोलता येत नाही. समोर तरी कुठे येतं.

आई बरी आहे. खजुराची तोड जोरात आहे, आमच्या कारखान्यात पेट्या ठेवायला जागा नाही.

तू विचारलंस, पॅकिंगला बायका घेताना काय काय विचारतात. मला माहीत आहे, कारण आमचे मालक तायबशेठ दर रविवारी मला तिथेच बसवतात. नव्या बाईने माझ्या शेजारी बसून एक पेटी भरायची आणि त्यांनी दोघींचे हात बघायचे. मलाच का, तर म्हणतात, "ही पोरगी मुकी गाय आहे, कुणाला पढवायची नाही."

आधी नखं बघतात. मेंदी ताजी असली तर परत पाठवतात, रंग खजुराला लागतो म्हणून. मागच्या रविवारी एक नवी नवरी आली होती, पार कोपरापर्यंत रंगलेली. तायबशेठ म्हणाले, "लग्न करून आलीस की लग्नातून पळून?" ती म्हणाली, "नवरा बघून पळावंसंच वाटलं, शेठ. म्हटलं आधी नोकरी तरी बघू." सगळ्या हसल्या. शेठ पण हसले, तरी परत पाठवलीच.

मग पेटी. खजूर देठासकट लावायचे, सगळ्यांची तोंडं एकीकडे, सालीवर बोट उमटायला नको. तुला ते सहज जमेल.

सगळ्यात शेवटी मागच्या गोदामाचं दार उघडतात, बाईला उंबऱ्यावर उभी करतात आणि म्हणतात, "जोरात श्वास घे. कसला वास येतोय?"

सगळ्यांना वाटतं नाकाची परीक्षा आहे. मलाही वाटायचं. बायका अगदी नाकपुड्या फुगवून सांगतात. कुणी म्हणतं लसूण, कुणी म्हणतं सडकी मासळी. त्यांना तायबशेठ म्हणतात, "वा, नाक आहे की काय. कळवतो हं." आणि कळवत नाहीत. जी म्हणते, "खजुराचा, आणखी कसला?" तिला तिथेच एप्रन मिळतो.

ताई, त्या गोदामात अळी मारायच्या गोळ्या ठेवतात. त्यांचा धूर की वाफ काय ती खजुरात शिरते. ताडपत्री घालून दार लावायचं, मग दार उघडून हवा खेळवायची, तो लसणासारखा वास पार गेला की मगच माल काढायचा. हद्दामावशी असंच करायची. ती मी लागायच्या आधीची मुकादम, बायका सांगतात. गेल्या साली ट्रक लवकर यायला लागले. मावशी म्हणाली, "अजून वास येतोय, मी पोरींना आत सोडणार नाही." दुसऱ्या दिवशी मावशी नव्हती. तेव्हापासून ही उंबऱ्यावरची परीक्षा. ज्यांना वास येतो त्या आत जायला नाही म्हणतात, एवढंच.

आमच्यातली रीम आत पेट्यांवरच कोसळली. मग सगळ्यांना दूध पाजलं. तायबशेठ म्हणाले, "न्याहारी करून येत जा गं." रीम अजून आलेली नाही. तिच्याबद्दल कुणी विचारत नाही.

मला घेतलं तेव्हा मला सर्दी होती. मी खजूर म्हटलं.

सर्दी कधीच गेली.

मंगळवारी चुलीवर रस्सा करपला. आई अंगणातून ओरडत आली. मी तिथेच पाठ करून वाटाणे सोलत होते. "नाक कुठे गहाण टाकलंस?" म्हणाली. मी म्हटलं, डोळा लागला. तू तिला काही सांगू नकोस.

काल तायबशेठ म्हणाले, "तुझी आतेबहीण येतेय ना? तिला सांगून ठेव काय म्हणायचं ते." मी मान हलवली. इथे लागली नाहीस तर तुझे बाबा तुला सफाक्सला त्या डॉक्टरच्या घरी कामाला धाडणार, ते मला माहीत आहे. तू म्हणालीस त्यापेक्षा विहीर बरी. आणि तू आमच्याकडे राहायला आलीस तर मला किती बरं वाटेल, ते मला लिहिता येत नाही.

तरी लसूणच म्हण. तुला येईलच वास. दोन घरं पलीकडे काय शिजतंय ते तुला कळतं.

तू खजूर म्हणालीस तर मी बोलेन. सगळ्यांसमोर. मग आपण दोघीही घरी. म्हणून रविवारी उंबऱ्यावर उभी राहशील तेव्हा माझ्याकडे बघू नकोस. बघितलंस तर माझा धीर जाईल.

तुझ्या शेजारी बसून पेटी भरणारी,
मब्रूका

अगं, काळी शेळी व्याली. दोन करडं. आईने एक उचलून माझ्या तोंडाशी धरलं, म्हणाली, बघ कसा दुधाचा वास येतोय. मी हो म्हटलं.