दह्याचा ठिपका

डॉक्टरसाहेब, काल पुन्हा माझ्याकडून जास्तीचं दही लागलं. एकट्या माणसाला किती दूध विरजावं, हे बायको गेल्यापासून मला अजून जमलेलं नाही. दोन दिवस तेच खातो, तिसऱ्या दिवशी आंबलं की शेजारणीच्या गाईपुढे ओततो. मुलगा नागपूरला असतो, त्याचं पत्र सणासुदीला येतं. कधी कधी आख्खा दिवस जातो आणि मी दूधवाल्याखेरीज कोणाशी बोललेलो नसतो. अशा दिवशी तुमची आठवण फार येते. तुम्हाला जाऊन पस्तीस वर्षं होऊन गेली, तरी बोलावंसं वाटतं ते तुमच्याशीच, म्हणून लिहायला बसलो.

दवाखान्यामागची आपली ती खोली आठवते. आधी धान्याचं कोठार होती, पावसाळ्यात भिंतींना अजून गव्हाचा वास यायचा. एक खिडकी, एक सूक्ष्मदर्शक, तुम्ही आणि तुमच्या हाताखाली मी. तुम्ही रंगाऱ्याच्या घरातले. डॉक्टर झालात तरी नखांच्या कडा जांभळ्याच. बापाच्या हाताला नीळ होती, माझ्या हाताला हे, असं हसून सांगायचात. काचपट्टीवर रोग्याचा पू पसरायचा, दिव्यावर शेकायचा, त्यावर जांभळा रंग, मग आयोडीन, मग स्पिरिटनं धुवायचं आणि शेवटी लाल रंग द्यायचा. काही जंतू जांभळा रंग धरून ठेवतात, काही तो स्पिरिटबरोबर सोडून देतात आणि मग लाल दिसतात. एवढ्यावरून त्यांची जात ओळखायची. पण स्पिरिट जरा जास्त वाहिलं की धरून ठेवणारेही रंग सोडतात, आणि पट्टी धडधडीत खोटं बोलते. "चढवाले काय, कोनीबी चढवते," तुम्ही म्हणायचात. "उतरवताना हात कुठी थांबला पाहिजे, ते शिक बाबू."

त्यासाठी तुम्ही दह्याची युक्ती काढलीत. तुमच्या घरून रोज सकाळी वाटीभर दही यायचं. पट्टीच्या एका टोकाला रोग्याचा पू, दुसऱ्या टोकाला दह्याचा बारीक ठिपका. दह्यातले जंतू जांभळे राहणारे. तेच लाल दिसले तर समजायचं, आपला हात चुकला, पट्टी फेकायची. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, तुमच्या स्वयंपाकघरातून आलेलं होतं. मला त्याचं मनातून हसू यायचं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, दापोऱ्याला गेलेली. तुम्ही दोन दिवसांसाठी असीरगडाकडे लस टोचायच्या कामावर. आसपासच्या गावांत प्लेग होता आणि सगळं शहर उंदरांकडे बघत होतं. अशात विणकरांच्या गल्लीतला एक तरुण आला, प्लेगला येते तशी जांघेत गाठ, अंगात ताप. जिल्ह्याहून आलेले साहेब माझ्या पाठीशी उभे राहिले. मी गाठीतला पू घेतला, रंग दिला, स्पिरिट ओततो आहे आणि साहेब काहीतरी विचारतात, मी मान वळवून उत्तर देतो, स्पिरिट वाहतंच आहे. भिंगाखाली सगळं लाल. प्लेगचे जंतू लाल दिसतात एवढंच डोक्यात होतं. गोल आहेत की लांबट, हे घाबरलेल्या डोळ्यांनी नीट पाहिलंच नाही. त्या पट्टीवर दह्याचा ठिपका नव्हता. "लाल आहेत, साहेब," मी म्हणालो.

दुपारपर्यंत गल्ली रिकामी झाली. माणसांना तापीकाठच्या झोपड्यांत नेलं, घराघरांत औषध ओतलं, मागांवरचं सूत भिजून गेलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात, पाय न धुता उरलेला पू घेऊन नवी पट्टी केलीत. जांभळे गोल दाणे, घोसाघोसानं. साधं गळू होतं. तुम्ही मला विचारलंत, "दही लावलं होतं?" मी म्हणालो, "नासलं होतं, टाकून दिलं." "नासलेल्यातबी जंतूच असतेत, बाबू," एवढंच बोललात आणि साहेबांकडे गेलात. तिथे तुम्ही सांगितलंत की पट्टी तुमच्या शिकवणीची, म्हणून चूक तुमची. मी दाराबाहेर उभा होतो. आत जायला चार पावलं होती.

त्या तरुणाची आई आली तेव्हाही मी खोलीतच होतो. भिजलेल्या सुताचा गोळा तिनं तुमच्या टेबलावर ठेवला. आवाज चढवला नाही. "डॉक्टरसाब, आप तो रंगरेज के घर के हो," ती म्हणाली, "आपको भी रंग नहीं समझा?" तुम्ही मान खाली घातलीत. "गलती मेरी है, अम्मा." मी बाटल्या पुसत राहिलो. पुसलेल्याच बाटल्या पुन्हा पुसल्या. महिन्याभरात तुमची बदली झाली, आणि तिकडेच तापानं तुम्ही गेल्याची बातमी आली. तुमची खुर्ची मला मिळाली. पुढे पेन्शनीत निघेपर्यंत एकही पट्टी मी दह्याशिवाय केली नाही, पण तुमच्याबद्दल शहरात जे बोललं जायचं, ते एकदाही खोडून काढलं नाही. मला त्याची लाज वाटते.

तुमच्या घरच्या बाईंचंही सांगायचं राहिलं. माझं ते "नासलं होतं" तुम्ही घरी सांगितलं असावं. बदली होईपर्यंत रोज वाटीवर ओलं फडकं घट्ट बांधलेलं यायचं. त्यांना वाटलं, दोष त्यांच्या दह्याचा.

हे पत्र मी कुठे टाकणार? डब्यात ठेवीन. पण डब्यात ठेवायचं तरी खरं लिहून ठेवतो. दही नासलं नव्हतं, डॉक्टरसाहेब. घरी कोणी नव्हतं, चूल पेटवायचा कंटाळा आला होता, म्हणून सकाळीच शिळ्या भाकरीबरोबर ते मी खाल्लं. वाटी बोटानं पुसून खाल्ली. दही फार छान लागलं होतं.