प्रौढ वर्ग आणि सासूबाईंचा खांगा

७ जुलै, सोमवार. दुपारी ४.१०
किल्व्यात मशिदीमागच्या पडवीत प्रौढ साक्षरता वर्ग सुरू केला. मी स्वतः औषधांच्या बाटल्या वाचत शिकलो, गुरू नाही. एक माणूस वाचू लागला की घर सुधारतं, मग देश, मग जग. जगाला सहा महिने पुरतील. एक तारखेला जिल्ह्याचे साहेब येणार. वर्ग पसंत पडला तर कायमचा शिक्षक मीच. विद्यार्थिनी अकरा. पैकी एक सासूबाई, बी झुहुरा. त्यांना अक्षर लागणं अशक्य.

१८ जुलै
शिस्त नाही. पुस्तक सोडून बायका एकमेकींचे खांगे, म्हणजे नेसायची रंगीत कापडं, वाचतात. खांग्याच्या किनारीवरची छापील ओळ नेसल्यावर बरोब्बर बुडावर येते. नेसणारीला दिसत नाही, मागचीला दिसते. आज एकीनं वाचलं, "शेजारणी, दारातून हल." नेसणारी किंचाळली, "अगं बाई! हाच नेसून तुझ्याकडे बाळ बघायला आले होते!" तास वाया. बजावलं, खांगा म्हणजे ग्रंथ नव्हे. उपस्थिती एकवीस. माझी कीर्ती.

२३ जुलै
घात. सासूबाईंनी अंगावरच्या जांभळ्या खांग्याची किनार मांडीवर ओढून वाचली, "तुझ्या तोंडाचा कंटाळा आला." अकरा वर्षांपूर्वी ईदला मीच दिलेला. घेताना किनार मोजली (चार बोटं), रंग जातो का पाहिलं. ओळ वाचली नाही. बायकी मजकूर मी वाचत नसतो. त्या तो नेसून गावभरच्या लग्नांना जाऊन आल्या.
म्हणाल्या, "जावईबापू, हे मुद्दाम, की वाचताच येत नाही?"
मी म्हणालो, येतं, पण. आमची बायको म्वानाइदी म्हणाली, "अहो, 'पण'च्या पुढचं घरी सांगा."

२५ जुलै
पडवीत मी आणि फळा. वर्ग सासूबाईंच्या अंगणात. दोन दिवसांत परततील.

१ ऑगस्ट
साहेब पडवीत सव्वा मिनिट. अंगणात तीन तास. चौतीस बायका दोरीवरचे खांगे घडाघडा वाचत होत्या. साहेबांनी माझा शाळेचा दाखला मागितला. स्वयंशिक्षिताला दाखला कसला? म्वानाइदी सातवी पास निघाली. मला ठाऊक होतं. कुणी विचारलं नव्हतं. नेमणूक तिची. दाखला हवा असेल तर मी वर्ग पूर्ण करावा, म्हणाले.

४ ऑगस्ट, सोमवार
अंगणात गेलो. देखरेखीसाठी. हजेरीत पस्तिसावं नाव माझं. म्वानाइदीनं मान वर न करता पुकारलं. सासूबाईंनी चटईवर सरकून जागा दिली. म्हणाल्या, "बसा, जावईबापू. अडलं तर विचारा."
एकदाच विचारलं.