बंद दारामागचं गाणं

३ मार्च
चिंगीचं काहीतरी शिजतंय! भांडी घासताना ओठ हलतात. मी स्वयंपाकघरात शिरलो की गप्प. बारा वर्षं या पोरीच्या धावण्याचे सेकंद मोजतोय मी — मला बनवते?

५ मार्च
बाथरूममध्ये नळ सोडून गुणगुणते. भाषा परकी. बायकोला म्हटलं, पोरगी कुणाच्या तरी प्रेमात पडलीय.
"तुमचं आपलं काहीतरीच! दाराला कान लावून उभे राहता, लाज नाही वाटत?"
नाही वाटत. बाप आहे मी.

८ मार्च
आजही तेच गाणं. ऐकू येईल तसं या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवतोय. चार ओळी झाल्या. अर्थ शून्य.

१२ मार्च
मैदानावर शर्यतीसाठी चुन्याच्या रेघा मारत होतो, तर खेळाडू हेरत फिरणारा तो सुटातला परदेशी एजंट पुन्हा हजर! तिसरी खेप. चिंगीशी अर्धा तास कुजबुज, मला लांबूनच नमस्कार. नक्की कुठेतरी पाणी मुरतंय.
"बुटांचं बोलत होते, बाबा."
बुटांसाठी तीन खेपा?

१४ मार्च
पान भरलं. गाणं पाठ झालंय — मलाच! रेघा मारताना तोंडात आलं. शी!

१५ मार्च
ते पान घेऊन कोर्टातल्या दुभाषीबाईंकडे गेलो. त्यांनी वाचलं, चष्मा काढला. "काका, हे प्रेमगीत नाही. त्या देशाचं राष्ट्रगीत आहे."
घरी येऊन पान चिंगीपुढे टाकलं. मग सगळं बाहेर आलं. तो देश तिला नागरिकत्व देतोय, पुढे तिथल्या संघात घेणार. मुलाखतीत हे म्हणून दाखवावं लागतं.
"इथे तीनदा डावललं मला. अजून किती थांबू, बाबा?"
"तुला पळायला शिकवलं ते काय त्यांच्यासाठी?"
ती जेवली नाही. मीही नाही. फार बोललो का? बोललो तर बोललो!

२ एप्रिल
गेली. मी विमानतळावर गेलो नाही. चुना कालवत बसलो.

२१ ऑगस्ट — तीन वर्षांनी, याच वहीत
चिंगी पहिली आली! बघणार नाही म्हणत टीव्हीसमोरच बसलो होतो. गळ्यात पदक, अंगावर त्यांचे रंग. ते गाणं सुरू झालं. तिसऱ्या ओळीला तिचे ओठ थांबले.
पुढचं इथून मी म्हटलं. उभा राहून.